जागा आहे, तरी फाइल जात नाही: पेनड्राइव्हला कोणती फाइल सिस्टीम द्यावी?

पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, आत पन्नास जीबी मोकळी आणि टाकायची फाइल जेमतेम सहा जीबीची. ओढून टाकली की विंडोज सांगतं, 'द फाइल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टीम'. नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत याच कारणावरून पेनड्राइव्ह बदलून मागितले जातात: "जागा तं दाखवून राहिला जी, मंग फाइल काहून नाई जाऊन राहिली?" दुसरा पेनड्राइव्ह नेला तरी घरी जाऊन तेच होतं, कारण पहिल्यात बिघाड नव्हताच.

याच्या उलट तक्रारही तितकीच नेहमीची. लॅपटॉपवर पेनड्राइव्ह ठणठणीत चालतो, पण टीव्हीला लावला की 'नो डिव्हाइस', कारच्या स्टीरिओत लावला की 'नॉट सपोर्टेड'. दोन्हींचं मूळ एकच आहे: पेनड्राइव्हवरची फाइल सिस्टीम, म्हणजे त्यावर फाइली कशा मांडायच्या आणि त्यांच्या नोंदी कशा ठेवायच्या याची पद्धत, आणि तो जिथे लावायचा ते यंत्र यांचं जमत नाही.

काही करण्याआधी आत्ता कोणती फाइल सिस्टीम आहे ते बघा. विंडोजमध्ये 'धिस पीसी'त पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, 'फाइल सिस्टीम' या ओळीसमोर फॅट३२, एक्सफॅट किंवा एनटीएफएस लिहिलेलं असतं. मॅकवर 'गेट इन्फो'मध्ये 'फॉरमॅट' बघा. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके उणे एफ' पुरे. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.) जर 'रॉ' असं दिसलं, तर हा प्रश्न निवडीचा नाही, फाइल सिस्टीम मोडली आहे. त्याबद्दल खाली आहे. तोवर फॉरमॅटचं बटण दाबू नका.

चार जीबीची भिंत

फॅट३२ मध्ये प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटची असते. नाव, तारीख, फाइल कुठून सुरू होते आणि फाइलचा आकार एवढं सगळं त्यात बसवलेलं. आकारासाठी त्यातले फक्त ४ बाइट मिळतात आणि ४ बाइटमध्ये लिहिता येणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५ आहे. म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. त्यापुढचा आकार लिहायला जागाच नाही, मग पेनड्राइव्ह ८ जीबीचा असो की २५६ चा. ही रचना १९९६ ची, विंडोज ९५ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आलेली. तेव्हा एक फाइल चार जीबीची असेल हे कुणाच्या कामाचं नव्हतं.

आज ती किती लवकर भरते ते बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतली मारबत मिरवणूक सलग शूट केली आणि एकच फाइल करून काढली, तर २५ एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला २५ मेगाबिट लागणाऱ्या, व्हिडिओला ही भिंत सुमारे २३ मिनिटांत लागते. ५० एमबीपीएसला साडेअकरा मिनिटांत, १०० एमबीपीएसच्या फोर-के व्हिडिओला पावणेसहा मिनिटांत. लग्नाचा पूर्ण व्हिडिओ तर तासादीड तासाचा असतो. पुष्कळ कॅमेरे फॅट३२ कार्डवर चार जीबीला आपोआप नवी फाइल सुरू करतात, म्हणून शूटिंगच्या वेळी अडचण कळत नाही. ती कळते एडिटिंगनंतर एकसंध फाइल काढून पाहुण्यांना द्यायच्या वेळी.

पेनड्राइव्ह फक्त आपल्याच विंडोज संगणकांत फिरणार असेल आणि आतला माल हलवायला दुसरी जागा नसेल, तर फॉरमॅट न करता फॅट३२ चं एनटीएफएस करता येतं, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये: 'कन्व्हर्ट ई कोलन स्लॅश एफएस कोलन एनटीएफएस'. 'ई' च्या जागी तुमच्या पेनड्राइव्हचं अक्षर. डेटा जागेवर राहतो, पण परत फॅट३२ करायला फॉरमॅटच लागतो, आणि एक्सफॅटकडे जायला असा आडमार्ग नाही. आधी कॉपी काढणं शक्य असेल तर तेच करा.

निवड सर्वांत जुनं यंत्र करतं

लोक आपल्या लॅपटॉपकडे बघून फाइल सिस्टीम ठरवतात. लॅपटॉपला जवळपास सगळंच चालतं, त्यामुळे त्याच्याकडे बघून काहीच ठरत नाही. पेनड्राइव्ह कुठे कुठे लागणार ती यादी मनात करा: घरचा टीव्ही, गाडीतला स्टीरिओ, मेडिकल चौकातलं झेरॉक्सचं दुकान, मंडळाचा स्पीकर, भावाचं मॅक. त्यातलं जे सर्वांत जुनं किंवा सर्वांत अडेल यंत्र असेल, त्याला जे वाचता येतं तेच द्यायचं.

एक्सफॅट ही आजची पहिली पसंती असायला हवी, ६४ जीबी आणि त्यापुढच्या पेनड्राइव्हला तर नक्कीच. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये आणली, २००८ च्या व्हिस्टा सर्व्हिस पॅक १ पासून विंडोज ती वाचतं, मॅक १०.६.५ पासून, म्हणजे २०१० पासून. लिनक्सची अडचण पेटंटची होती. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तपशील खुला केला आणि २०२० च्या कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.७ मध्ये चांगला ड्रायव्हर आला. चार जीबीची भिंत नाही, विंडोज आणि मॅक दोन्हीवर लिहिता येतं, गेल्या काही वर्षांतले बहुतेक टीव्ही आणि फोन ती ओळखतात.

तिची एक खोड मात्र माहीत हवी. ३२ जीबीपेक्षा मोठ्या पेनड्राइव्हला विंडोज एक्सफॅट देताना क्लस्टर १२८ केबीचा ठेवतं. क्लस्टर म्हणजे जागा वाटायचं सर्वांत लहान माप. दोन केबीची फाइलही एक पूर्ण क्लस्टर अडवते. तुमच्याकडे वेबसाइटच्या प्रोजेक्टच्या दहा हजार छोट्या फाइली असतील, प्रत्येकी २ केबीच्या, तर खरा माल २० एमबीचा आणि पेनड्राइव्हवर अडलेली जागा सव्वा जीबीच्या आसपास. एनटीएफएसवर, जिथे क्लस्टर ४ केबीचा, तोच माल ४० एमबीत बसतो. 'प्रॉपर्टीज'मध्ये 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' हे दोन आकडे शेजारी असतात, त्यांतला फरक म्हणजे हीच वाया गेलेली जागा. उपाय दोन: फॉरमॅट करताना 'अलोकेशन युनिट साइज' ३२ केबी निवडा, किंवा त्या फाइलींची एक झिप करून टाका. झिपचा दुसरा फायदा असा की दहा हजार फाइली सुट्या कॉपी व्हायला लागणारा वेळ प्रचंड वाचतो. व्हिडिओ आणि फोटोंसाठी डिफॉल्ट ठीक आहे, त्याला हात लावू नका.

फॅट३२ अजून मेलेली नाही. कार स्टीरिओ, यूएसबीचे ब्लूटूथ स्पीकर, सीसीटीव्हीचे डीव्हीआर, जुने टीव्ही, प्रिंटरवरची यूएसबीची जागा, भरतकामाची कॉम्प्युटर मशीन, यांच्यासाठी तीच. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये जुन्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या कटाईच्या मशीनच्या) कंट्रोलरला प्रोग्राम द्यायचा असेल तर काही ठिकाणी फॅट३२ सुद्धा चालत नाही, साधी फॅट, म्हणजे फॅट१६, आणि तीही २ जीबीच्या आतली लागते. अशा मशीनसाठी ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर २००० एमबीचं एकच पार्टिशन, म्हणजे जागेचा वेगळा काढलेला भाग, करून बाकी जागा रिकामी सोडायची. प्रोग्रामची फाइल काही केबीची असते, जागेची हळहळ करू नये.

एनटीएफएस पेनड्राइव्हला तेव्हाच द्या जेव्हा तो विंडोजबाहेर जाणारच नाही. मॅक तिच्यावरून वाचतो पण लिहीत नाही, बहुतेक कार स्टीरिओ तिला ओळखत नाहीत, अँड्रॉइड फोनपैकी बऱ्याच फोनना ती चालत नाही. फाइलींवर परवानग्या बसतात, त्यामुळे एका संगणकावर टाकलेली फाइल दुसऱ्यावर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणते. ईएक्सटी४ फक्त लिनक्स ते लिनक्स. विंडोजला तो पेनड्राइव्ह लावला की 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' अशी खिडकी येते, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी सवयीने तिथे होकार दिला की संपलं.

फॉरमॅट करताना

नेहमीची पद्धत सोपी आहे: आतलं सगळं दुसरीकडे काढा, पेनड्राइव्हवर राइट क्लिक, 'फॉरमॅट', फाइल सिस्टीम निवडा, 'क्विक फॉरमॅट'ची खूण राहू द्या, 'स्टार्ट'. अडतं कुठे, तर ६४ जीबीच्या पेनड्राइव्हला फॅट३२ द्यायची असेल तेव्हा. विंडोज १० ची आणि विंडोज ११ च्या बहुतेक आवृत्त्यांची ही खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच दाखवत नाही. ही मर्यादा त्या खिडकीची आहे, फॅट३२ ची नाही. नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर फॅट३२ चं पार्टिशन २ टीबीपर्यंत जाऊ शकतं. रुफस हा फुकटचा छोटा प्रोग्राम घ्या, 'बूट सिलेक्शन'मध्ये 'नॉन बूटेबल', 'पार्टिशन स्कीम'मध्ये (पार्टिशनचा तक्ता कसा लिहायचा ती पद्धत) एमबीआर आणि फाइल सिस्टीममध्ये 'लार्ज फॅट३२' निवडा. कार स्टीरिओ जुना असेल तर एवढं करण्यापेक्षा १६ किंवा ३२ जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण काही स्टीरिओ ३२ जीबीच्या वर फॅट३२ असूनही अडखळतात.

पेनड्राइव्ह 'लहान झाला' ही तक्रार वेगळी दिसते पण इथलीच आहे. त्यावर कधीतरी लिनक्सची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायच्या डिस्कची एकसंध फाइल, लिहिली गेली असते आणि नंतर ६४ जीबीच्या जागी काही एमबी दिसतात. आयएसओबरोबर नवा पार्टिशनचा तक्ता आलेला असतो आणि विंडोज त्यातलं ओळखता येणारं छोटं पार्टिशनच दाखवतं. साध्या फॉरमॅटने हे सुटत नाही, कारण फॉरमॅट त्या छोट्या पार्टिशनच्या आतच होतो. तक्ताच पुसावा लागतो:

१. स्टार्टमध्ये 'डिस्कपार्ट' टाइप करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, मग 'लिस्ट डिस्क'.
२. आकारावरून पेनड्राइव्ह ओळखा. ६४ चा साधारण ५९ जीबी दिसेल, ३२ चा २९. कारण कंपनी अब्जाच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. ४७६ जीबी दिसणारी ती तुमच्या लॅपटॉपची स्वतःची ५१२ ची डिस्क, तिच्या वाटेला जायचं नाही.
३. 'सिलेक्ट डिस्क १', आकडा तुमच्या यादीप्रमाणे. पुन्हा 'लिस्ट डिस्क' द्या, निवडलेल्या ओळीपुढे चांदणी असते. ती बरोबर ओळीवर आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.
४. 'क्लीन', 'कन्व्हर्ट एमबीआर', 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी', 'फॉरमॅट एफएस बरोबर एक्सफॅट क्विक', 'असाइन', 'एक्झिट'. ('बरोबर' म्हणजे बरोबरचं चिन्ह.) एमबीआरची पायरी 'आधीच आहे' म्हणाली तर काही बिघडत नाही. वर सांगितलेल्या सीएनसीसाठी 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी साइज बरोबर २०००' आणि 'एफएस बरोबर फॅट'.

'क्लीन'ला 'नक्की का?' असं विचारायची सवय नाही. एंटर दाबताक्षणी काम होतं, म्हणून तिसरी पायरी एवढी लांबवली.

मॅकवर 'डिस्क युटिलिटी'त आधी 'व्ह्यू' मेनूतून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा आणि डाव्या यादीत सर्वांत वरची ओळ, म्हणजे पेनड्राइव्ह स्वतः, निवडून 'इरेज' करा. आतली व्हॉल्यूमची ओळ निवडली तर 'स्कीम' हा पर्याय दिसत नाही, आणि पुढची अडचण तिथेच जन्माला येते.

फाइल सिस्टीम बरोबर, तरी टीव्ही ओळखत नाही

आधी एक गोष्ट वेगळी काढा. टीव्हीवर फाइलचं नाव दिसतं पण ती चालत नाही, किंवा चित्र येतं आणि आवाज येत नाही, तर फाइल सिस्टीम निर्दोष आहे. टीव्हीने ती वाचली म्हणून तर नाव दिसलं. अडचण व्हिडिओच्या कोडेकची, म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवायच्या पद्धतीची आहे, बहुतेक वेळा १०-बिटचा एच.२६५ किंवा डीटीएस आवाज. इथे पेनड्राइव्ह दहादा फॉरमॅट करून उपयोग नाही, व्हिडिओ एच.२६४ आणि एएसी आवाजात काढावा लागतो.

नावच दिसत नसेल तर पार्टिशनची स्कीम तपासा. मॅकवर किंवा लिनक्सवर तयार केलेल्या पेनड्राइव्हवर पुष्कळदा एमबीआरऐवजी जीपीटी ही नवी स्कीम असते. संगणकाला ती चालते, टीव्ही आणि स्टीरिओ मात्र एमबीआर मागतात. विंडोजमध्ये डिस्कपार्टच्या 'लिस्ट डिस्क'मध्ये शेवटच्या 'जीपीटी' रकान्यात चांदणी असेल तर हेच कारण. लिनक्सवाल्यांची आणखी दोन कारणं असतात. फाइल सिस्टीम बनवणारी 'एमकेएफएस' कमांड पार्टिशनवर न देता थेट पूर्ण डिस्कवर दिलेली असते, म्हणजे एसडीबी१ ऐवजी एसडीबी, आणि पेनड्राइव्हवर तक्ताच नसतो. किंवा फाइल सिस्टीम बदललेली असते पण तक्त्यातला प्रकाराचा आकडा जुनाच राहिलेला असतो: फॅट३२ साठी तो ०सी हवा, एक्सफॅट आणि एनटीएफएससाठी ०७. लिनक्स तो आकडा न बघता आतलं वाचून घेतं, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं. टीव्ही आकडा बघून माघारी फिरतो. 'एफडिस्क'मध्ये 'टी' देऊन प्रकार बदलला आणि 'डब्ल्यू'ने लिहिला की झालं, डेटाला धक्का लागत नाही.

एकाहून जास्त पार्टिशन केलेल्या पेनड्राइव्हवर टीव्ही सहसा पहिलंच बघतो. व्हिडिओ पहिल्या पार्टिशनवर ठेवा.

आरत्यांचा क्रम बिघडतो

गणपतीत मंडळांची ही दरवर्षीची अडचण. फाइलींना ०१, ०२, ०३ असे आकडे दिले, लॅपटॉपवर क्रम बरोबर दिसतो, आणि स्पीकरवर सातवी आरती पहिली लागते. साधे स्पीकर आणि बरेच कार स्टीरिओ फाइली नावाप्रमाणे लावत नाहीत. फॅटच्या फोल्डरमध्ये नोंदी ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने ते वाजवतात. एखादी फाइल खोडून नवी टाकली तर तिची नोंद मधल्या मोकळ्या जागेत जाऊन बसते, म्हणून क्रम विचित्र होतो. लॅपटॉप नावाप्रमाणे लावून दाखवतो, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही.

फोल्डर पूर्ण खोडा, नवा फोल्डर करा आणि फाइली एकेक करून हव्या त्या क्रमाने टाका. सगळ्या एकदम निवडून ओढल्या तर कोणती आधी जाईल याची खात्री नसते. फाइली शंभरावर असतील तर विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट, लिनक्सवर फॅटसॉर्ट हे प्रोग्राम नोंदींचाच क्रम लावून देतात.

मराठी नावं

फॅट३२, एक्सफॅट आणि एनटीएफएस तिन्हींत नाव २५५ अक्षरखुणांपर्यंत चालतं. ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीतली प्रत्येक खूण ३ बाइट खाते. मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे सुद्धा वेगवेगळे मोजले जातात. 'तान्हा' हा शब्द वाचायला दोन अक्षरांचा, पण आत त, काना, न, हलन्त, ह, काना अशा सहा खुणा, म्हणजे १८ बाइट. 'तान्हा पोळा आणि मारबत मिरवणूक' हे नाव एमपी४ या शेपटीसकट ८३ बाइटचं होतं. अशाच तीन-चार वाक्यांची नावं ठेवायची सवय असेल तर देवनागरीतल्या ८५ खुणांनंतर लिनक्स 'फाइल नेम टू लाँग' म्हणतं आणि कॉपी मधेच थांबते. विंडोजवर हीच फाइल बिनतक्रार राहिलेली असते, म्हणून कारण लक्षात येत नाही.

कार स्टीरिओवर आणि स्पीकरच्या छोट्या पडद्यावर मराठी नावं चौकोन, प्रश्नचिन्हं किंवा अंडरस्कोअर होऊन दिसतात. फाइल बिघडलेली नसते, त्या यंत्रात देवनागरीचा फाँट नसतो. तिथल्यासाठी नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा. आणि लिनक्सवर नावात चालणारे कोलन, प्रश्नचिन्ह, उभी रेघ ही चिन्हं फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये चालत नाहीत, आणि एनटीएफएसवर विंडोज ती चालू देत नाही. वेळ लिहिलेली रेकॉर्डिंगची नावं, जशी '१०:३०', नेमकी इथे अडतात.

ओढून काढला आणि फोल्डर गेला

फॅटमध्ये फाइलचे तुकडे कुठे आहेत याची साखळी एका तक्त्यात असते, आणि फाइलचं नाव व आकार दुसरीकडे, फोल्डरच्या नोंदीत. लिहिणं चालू असताना पेनड्राइव्ह काढला, किंवा उन्हाळ्यात वीज गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नाही, तर यांतली एक जागा लिहिली गेलेली असते, दुसरी नाही. मग फाइल शून्य केबीची दिसते, किंवा तुकडे आहेत पण त्यांना नाव नाही. फॅट३२ या तक्त्याच्या दोन प्रती ठेवते, एक्सफॅट साधारणपणे एकच. म्हणून एक्सफॅटचा पेनड्राइव्ह 'इजेक्ट' न करता ओढण्याची सवय जास्त महागात पडते. एनटीएफएसमध्ये जर्नल, म्हणजे बदलांची आधी केलेली नोंदवही, असतं, पण ते फाइल सिस्टीमची रचना सावरतं. अर्धवट लिहिलेला तुमचा व्हिडिओ ते पुरा करून देत नाही.

विंडोज १० च्या २०१८ च्या १८०९ या आवृत्तीपासून पेनड्राइव्ह मुळातच 'क्विक रिमूव्हल'वर असतात, त्यामुळे तिथे धोका कमी झाला आहे, गेलेला नाही. लिनक्सवर तो पुरेपूर आहे: कॉपीची पट्टी शंभर टक्के झाली तरी डेटा रॅममध्येच असतो आणि पेनड्राइव्हवर जायला आणखी काही मिनिटं लागू शकतात. 'सिंक' कमांड द्या आणि ती परत येईपर्यंत हात लावू नका. मॅकवर न इजेक्ट केलेला एक्सफॅट पेनड्राइव्ह पुढच्या वेळी बराच वेळ दिसतच नाही. तो मेलेला नसतो, मागे तपासणी चालू असते. मोठा असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. मधेच पुन्हा ओढलात तर नुकसान वाढतं.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. जे वाचता येतंय ते आधी दुसरीकडे कॉपी करा. त्यानंतर चेकडिस्क: 'सीएचकेडीएसके ई कोलन स्लॅश एफ'. तो बेवारस तुकडे 'फाउंड' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये सीएचके शेपटीच्या फाइली करून ठेवतो. शेपटी बदलून जेपीजी किंवा एमपी४ केली की त्यातल्या काही उघडतात. पेनड्राइव्ह 'रॉ' दिसत असेल, किंवा चुकून क्विक फॉरमॅट झाला असेल, तर त्यावर एकही नवी फाइल न टाकता फोटोरेक हा फाइली शोधून काढणारा प्रोग्राम चालवा आणि सापडलेला माल दुसऱ्या डिस्कवर उतरवा. क्विक फॉरमॅट फक्त तक्ते नवे करतो, डेटा जागेवर असतो. पूर्ण फॉरमॅट व्हिस्टापासून सगळीकडे शून्य लिहितो, त्यानंतर काही मिळत नाही.

झेरॉक्सच्या दुकानातून आल्यावर सगळे फोल्डर शॉर्टकट झाले असतील तर ही फाइल सिस्टीमची गोष्ट नाही, व्हायरसने खरे फोल्डर लपवले आहेत. अँटीव्हायरस चालवून मग 'अ‍ॅट्रिब उणे एच उणे आर उणे एस स्लॅश एस स्लॅश डी ई कोलन बॅकस्लॅश स्टार डॉट स्टार'. उणे किंवा स्लॅश आणि त्यापुढचं अक्षर सलग लिहा, अशा प्रत्येक जोडीच्या आधी आणि नंतर एक मोकळी जागा सोडा. फोल्डर परत दिसतात, फॉरमॅटची गरज नसते. प्रिंटसाठी ८ किंवा १६ जीबीचा फॅट३२ पेनड्राइव्ह वेगळाच ठेवा, त्यात पीडीएफशिवाय काही नको.

'द डिस्क इज राइट प्रोटेक्टेड' असं आलं तर डिस्कपार्टमध्ये पेनड्राइव्ह निवडून 'अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली' एकदा द्या. मग 'अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क' देऊन बघा. 'करंट रीड ओन्ली स्टेट' समोर अजून 'येस' असेल तर बहुधा चिप झिजली आहे आणि कंट्रोलरने स्वतःहून लिहिणं बंद केलं आहे. आतला माल काढून घ्या, तो पेनड्राइव्ह कुठल्याच फॉरमॅटने परत येणार नाही.

फॉरमॅट बदलूनही सुटत नाही तेव्हा

दोन टीबीचा पेनड्राइव्ह काहीशे रुपयांत मिळाला असेल तर फाइल सिस्टीमवर वेळ घालवण्याआधी खरी क्षमता मोजा. अशा पेनड्राइव्हमध्ये चिप १६ किंवा ३२ जीबीची असते आणि कंट्रोलरला २ टीबी सांगायला शिकवलेलं असतं. सुरुवातीच्या फाइली नीट जातात, खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं किंवा सुरुवातीच्या भागावर चढतं. फाइल सिस्टीमचे तक्ते सुरुवातीलाच असल्यामुळे तेच मोडतात, फोल्डरची नावं अगम्य चिन्हांची होतात, आणि वाटतं की एक्सफॅटच खराब. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३ पूर्ण पेनड्राइव्ह भरून परत वाचून बघतात. सेकंदाला १० एमबी वेगाने ६४ जीबी भरायला पावणेदोन तास लागतात आणि वाचायला वेगळे, म्हणून रात्री लावून ठेवा. बिल घेऊन आणलेला पेनड्राइव्ह असेल तर हा निकाल बदलून घेताना कामी येतो.

बूट करायच्या पेनड्राइव्हचे नियम वेगळे. नवे संगणक बूटसाठी फॅट३२ मागतात, आणि विंडोजच्या आयएसओतली 'इन्स्टॉल डॉट डब्ल्यूआयएम' ही फाइल पुष्कळदा ४ जीबीच्या वर असते, म्हणून हाताने कॉपी करताना वरचीच भिंत आडवी येते. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रुफस वापरा, दोघेही ही अडचण आपापल्या परीने सोडवतात.

गाडीत पेनड्राइव्ह कायम लावून ठेवणाऱ्यांसाठी एवढंच: पेनड्राइव्हच्या तांत्रिक माहितीत कामाचं कमाल तापमान बहुधा ४५ ते ६० अंश दिलेलं असतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याहून बराच तापतो. दुपारी गाडी लावताना तो काढून खिशात टाका.

फॉरमॅट करताना 'व्हॉल्यूम लेबल'चा रकाना रिकामा सोडू नका. फॅट३२ आणि एक्सफॅटला ११ अक्षरं मिळतात, आणि फॅट३२ मध्ये ती इंग्रजीतच लिहावी लागतात. 'टीव्ही-फॅट३२', 'कार-फॅट३२', 'व्हिडिओ-एक्स' असं काही इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलं की ते ड्राइव्हच्या अक्षराशेजारी दिसतं, आणि सहा जीबीची फाइल कोणत्या पेनड्राइव्हवर टाकायची हे घरातल्या कुणालाही लावताक्षणी कळतं.